सांगली : केअर सेंटरमध्ये आईचे हाल झाले, तक्रार नेमकी कुठं करायची?

कुपवाडचा_फिटर

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आई ७६ वर्षांची. बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, मिरजेत ऑपरेशन झालं आणि ते चांगलंही झालं, पण नंतर ती उठलीच नाही. विसरभोळेपणा आधी थोडा होता तो वाढला. मी एमआयडीसीत शिफ्टला, बायको झेडपीच्या शाळेत, तिची शाळा जत साइडला म्हणजे सकाळी सातला गेलेली बाई संध्याकाळी सातला घरात, धाकटा भाऊ पुण्यात. घरी बाई ठेवून बघितली, दोन महिन्यात तीन बायका झाल्या. शेवटी महापालिका हद्दीतच एक सेंटर आहे तिथं ठेवली. नाव लिहीत नाही. बोर्डवर मोठ्या अक्षरात नर्सिंग केअर, चोवीस तास सिस्टर, डॉक्टर व्हिजिट, सगळं. महिना १८ हजार, डायपर आणि औषधं वेगळी, डिपॉझिट ३० हजार.

त्यांचा नियम होता की भेटायला फक्त रविवारी ११ ते १, रोज आलात तर पेशंट सेटल होत नाही म्हणायचे. आम्हाला पटलं. रविवारी गेलं की आई खुर्चीत बसलेली, वेणी घातलेली, पावडर लावलेली. चार महिने असं चाललं. बारीक दिसायला लागली तर म्हणाले वय आहे, जेवत नाहीत. कानाचं मशीन हरवलं तर म्हणाले आजींनीच कुठं तरी टाकलं.

मग एका बुधवारी कंपनीत लाइट गेली म्हणून लवकर सुटलो आणि सरळ तिकडंच गेलो. गेटवर दहा मिनिटं थांबवलं. आत गेलो तर वासानंच कळलं. आई एका कुशीवर, चादर ओली, उशाखाली वाळलेल्या चपातीचे तुकडे लपवलेले. मला बघून पहिलं काय विचारलं तर, "आज रविवार हाय का रे?"

त्याच रात्री दवाखान्यात हलवलं. माकडहाडावर वाटीएवढी जखम, आत हाड दिसत होतं. वजन ठेवताना ५२ होतं ते ४१ भरलं, सोडियम एकदम खाली. डॉक्टर म्हणाले हे आठ-पंधरा दिवसातलं काम नाही.

सेंटरचे मालक म्हणतात या वयात बेडसोअर होतातच, आणि एवढी काळजी होती तर इथं टाकलंत कशाला. डिपॉझिट देतो म्हणाले पण आधी 'आमची काही तक्रार नाही' अशा कागदावर सही पाहिजे. पोलीस स्टेशनला गेलो तर हे सिव्हिल मॅटर आहे, आपसात मिटवा म्हणून परत पाठवलं. दवाखान्याचं बिल दीड लाखाच्या वर गेलंय, वकिलाला द्यायला आत्ता पैसे नाहीत.

तर नेमकं कुणाकडं जायचं? आणि त्या कागदावर सही करून ३० हजार तरी सोडवून घेऊ का? भाऊ म्हणतो घे आणि सोड विषय, गावात चर्चा नको.

कृष्णाकाठ

दादा वाईट वाटलं वाचून. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे ना, प्रांतसाहेबांकडं अर्ज करा, वकील पण लागत नाही आणि ९० दिवसात निकाल लागतो. आमच्या शेजारच्या आजोबांना मिळाला.

घाटाखालचा

मला एक कळत नाही, तीन माणसं कमावती आणि आईला सांभाळायला कुणी नाही? मूळ चूक कुणाची हे पण बघा जरा. आमच्या आजीचं आम्ही सात वर्षं घरात केलं.

निवृत्त_सिस्टर_मिरज

घाटाखालचा, सात वर्षं आजीची चादर कुणी बदलली ते पण लिहा की. तुमच्या आईनं नाहीतर बायकोनं बदलली असणार. असो.

फिटर दादा, मी ३१ वर्षं वॉर्डात काढलीत, म्हणून वैद्यकीय बाजू सांगते, कोर्टाचं दुसरे सांगतील.

बेडसोअर वयानं होत नाही, दाबानं होतो. माणूस एकाच जागी पडून राहिला की हाडाच्या वरची कातडी दबते, तिथं रक्त पोचत नाही आणि कातडी मरते. म्हणून दर दोन तासाला कूस बदलायची, एअर बेड घालायचा, ओलं अंग लगेच कोरडं करायचं, पोटात प्रोटीन जाईल असं बघायचं. आधी नुसता लाल डाग येतो, बोटानं दाबला तरी पांढरा पडत नाही, ही पहिली पायरी. हाड दिसणं म्हणजे चौथी. पहिलीपासून चौथीपर्यंत रोज कुणी ना कुणी त्या बाईचा डायपर बदलला असेल की नाही? मग त्यांना दिसलं नाही असं होऊच शकत नाही. एकतर बघितलं आणि सांगितलं नाही, नाहीतर डायपर वेळेवर बदललाच नाही. फार आजारी माणसाला सगळं करूनही कधी कधी जखम होते हे खरं आहे, पण मग तसं लिहून ठेवलेलं असतं आणि घरच्यांना फोन केलेला असतो. तुम्हाला केला होता का?

आता काम काय करायचं. जिथं ॲडमिट केलंय तिथल्या केसपेपरवर 'ॲडमिशनच्या वेळीच जखम होती' असं लिहिलंय का ते आजच्या आज बघा. किती लांब, किती रुंद, किती खोल, कुठली स्टेज हे सगळं त्यात पाहिजे. हे नसलं की उद्या सेंटरवाले म्हणणार जखम दवाखान्यातच झाली, आणि मग तुम्ही बसा भांडत. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवून काढा. वजनाची नोंद, सोडियमचा रिपोर्ट, पू तपासायला पाठवला असेल तर त्याचा कल्चर रिपोर्ट, सगळ्याची झेरॉक्स मागून घ्या. आणि झोपेची गोळी देत होते का तेही विचारा, रविवारी शांत बसलेली असायची म्हणताय म्हणून मला शंका येतीय.

सेंटरकडं पोझिशन चार्ट (कूस कधी कधी बदलली त्याचा तक्ता) आणि नर्सिंग नोट्स लेखी मागा. चोवीस तास सिस्टर म्हणतात ना, मग त्या सिस्टरनं काही तरी लिहिलं असेलच. माझा अनुभव विचाराल तर असल्या ठिकाणी सिस्टर नसतेच, बारा तासांच्या ड्युटीवर एक मावशी आणि तिच्याकडं दहा-बारा पेशंट. त्या मावशीवर राग काढू नका, तिला कुणी काही शिकवलेलं नसतं.

कोर्ट_कट्टा

सांगली कोर्टात प्रॅक्टिस करतो, नाव लिहीत नाही. आधी दोन गोष्टी, मग बाकीचं.

त्या कागदावर सही करू नका. ३० हजारासाठी तुम्ही स्वतःच्या हातानं केस संपवून द्याल. डिपॉझिट तुमचंच आहे, ते नंतर मागण्यात धरता येतं.

दुसरं, कृष्णाकाठ यांनी सांगितलं तो कायदा चांगला आहे पण तो इथं लागत नाही. प्रांताधिकाऱ्यांचं न्यायाधिकरण म्हणजे मुलांकडून किंवा नातेवाइकांकडून पोटगी मिळवायची जागा, महिना १० हजारापर्यंत. फिर्यादी आई आणि समोर तुम्ही, अशी ती रचना. तिथं गेलात तर उलटे तुम्हीच आरोपीसारखे उभे राहाल. त्याच कायद्यात कलम २४ आहे, ज्येष्ठाला टाकून देणाऱ्याला तीन महिने कैद किंवा ५ हजार दंड किंवा दोन्ही, पण त्यात कायमचं सोडून देण्याचा हेतू दाखवावा लागतो. सेंटरनं सोडून दिलेलं नाही, ठेवून घेऊन बघितलं नाही. २०१९ ला लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं, त्यात वृद्धाश्रम आणि घरी येऊन सेवा देणाऱ्या एजन्सीच्या नोंदणीची तरतूद होती, पण त्याचा कायदा झालाच नाही.

मग तुमच्याकडं काय आहे? माझ्या मते मुख्य रस्ता ग्राहक आयोग. तुम्ही पैसे मोजून सेवा घेतली, सेवेत त्रुटी आहे, साधं गणित. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे भरणारा तर ग्राहक आहेच, पण त्याच्या संमतीनं सेवा घेणारा पण ग्राहकच धरतात, म्हणजे तुम्ही आणि आई दोघंही अर्जदार होऊ शकता. घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाखल करायची. सेवेपोटी भरलेली रक्कम ५ लाखापर्यंत असेल तर फी काहीच नाही आणि तुमची तर त्याच्या खालीच आहे. वकील सक्तीचा नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळं पुण्यातल्या भावाच्या नावानं पावत्या असतील तर तो पुण्यातही करू शकतो. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते. मागणीत दवाखान्याचं बिल, चार महिन्यांची फी, डिपॉझिट, कानाचं मशीन आणि आईला झालेल्या त्रासाची भरपाई, सगळं वेगवेगळं लिहा. त्याआधी रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह नोटीस पाठवा, त्यात पंधरा दिवसांची मुदत द्या.

पोलिसांचं बोलायचं तर सिव्हिल मॅटर म्हणणं बरोबर नाही. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिचं कलम १२५ बघा, निष्काळजीपणानं दुसऱ्याच्या जिवाला धोका करणं, गंभीर दुखापत झाली असली तर तीन वर्षांपर्यंत. हे दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी थेट एफआयआर घेऊन तपास करायचा. अजून एक कलम आहे जे आमच्यातल्याही पुष्कळ वकिलांना आठवत नाही, कलम ३५७. आजारानं किंवा अशक्तपणानं असहाय झालेल्या माणसाची देखभाल करायचा करार केला आणि जाणूनबुजून ती केली नाही, तर तो गुन्हा. जुन्या आयपीसीत हेच ४९१ होतं, इंग्रजांच्या काळापासून तसंच पडून आहे आणि तुमची केस वाचली की वाटतं तुमच्यासाठीच लिहिलंय. शिक्षा कमी आहे, तीन महिने किंवा ५ हजार, आणि अदखलपात्र आहे म्हणजे पोलीस नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) घेणार, पुढं मॅजिस्ट्रेटकडं खाजगी फिर्याद द्यावी लागते. ती द्यायची मुदत एक वर्ष. पण तक्रारीत दोन्ही कलमं लिहा.

स्टेशनला तक्रार लेखी द्या, पोच घ्या. घेतच नसतील तर एसपी ऑफिसला तीच तक्रार पोस्टानं पाठवा, तशी कायद्यात सोय आहे. तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं जाता येतं. एक लक्षात ठेवा, डॉक्टरचा विषय आला की पोलीस वैद्यकीय मंडळाचा अहवाल मागतात आणि त्यात महिने जातात. म्हणून तक्रार डॉक्टरच्या उपचारावर नको, देखभालीवर ठेवा. कूस बदलली नाही, जेवू घातलं नाही, कळवलं नाही.

वकिलाच्या पैशाचं टेन्शन घेऊ नका. विजयनगरला कोर्टाच्या इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट असते पण बाईमाणसाला ती अट नाही. अर्ज आईच्या नावानं करा. १५१०० या नंबरवर फोन करून पण माहिती मिळते.

आणि हो, पावती नीट बघा. पैसे कुणाच्या नावानं घेतलेत, मालकाच्या, कंपनीच्या का ट्रस्टच्या? बोर्डवर काहीही असतं.

सातारची_लेक

फिटर दादा, मी तुमच्या जागेवर होते म्हणून लिहिते. वडिलांना साताऱ्याजवळ एका ठिकाणी ठेवलं होतं, पॅरालिसिस झालेला. पडले, हात मोडला, तीन दिवस आम्हाला कळवलंच नाही, हात सुजला तर म्हणे डास चावला. मी रागाच्या भरात तिथं जाऊन खूप आरडाओरडा केला, व्हॉट्सॲपवर सगळ्या नातेवाइकांना, कॉलनीच्या ग्रुपला नाव टाकून मेसेज केला. मग त्यांच्या वकिलाची नोटीस मला आली अब्रुनुकसानीची, आणि माझी तक्रार राहिली बाजूला, सहा महिने तेच निस्तरत बसले.

ग्राहक आयोगात नंतर केली. अडीच वर्षं गेली. निकाल आमच्या बाजूनं लागला पण पाहिजे तेवढा नाही, कारण ठेवताना वडील कसे होते याचा आमच्याकडं एकही कागद नव्हता. हात आधीपासून अधू होता असं ते म्हणाले आणि ते खोडायला काही नव्हतं. तुमच्याकडं ऑपरेशनचा डिस्चार्ज पेपर असेलच ना, त्यात त्या दिवशीचं वजन आणि 'जखम नाही' अशी काही नोंद आहे का बघा, ते सोन्यासारखं जपा. ठेवायच्या आधी घरात काढलेले साधे फोटो असले, कुणाचा वाढदिवस नाहीतर सणाला साडीत बसलेली वगैरे, तारखेसकट काढून ठेवा, तेही चालतात.

१४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, मी केला होता फोन. केस ते लढत नाहीत, पण कुठल्या ऑफिसला जायचं ते नीट सांगतात आणि आवाजात माणुसकी असते, त्या दिवसात मला तेवढं पण खूप वाटलेलं.

आणि ते 'टाकलंत कशाला' आमच्याही तोंडावर फेकलं होतं. मला वाटतं त्यांच्याकडं हे एकच उत्तर पाठ असतं. त्यावर माझी आई, चौथी शिकलेली, तिथल्या मॅनेजरला म्हणाली, "आम्ही टाकलं न्हवतं, पैसे दिऊन ठेवलं हुतं." त्यावर तो गप्प झाला.

घाटाखालचा

मी जरा जास्तच बोललो, सॉरी. एक माहिती देतो, आमचा भाऊ महापालिकेत आहे. नर्सिंग होमची नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडं असते, महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ चा आहे. आजारी, जखमी नाहीतर अशक्त माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करत असाल तर नोंदणी पाहिजे, नुसता वृद्धाश्रम म्हणून चालत नाही. माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प, या पत्त्यावर नोंदणी आहे का आणि असली तर किती बेडची, कुठल्या सिस्टरांची नावं दिलीत. तीस दिवसात उत्तर द्यावं लागतं.

कुपवाडचा_फिटर

सगळ्यांचे आभार, घाटाखालचे तुमचे पण. आज सुट्टी टाकून हीच कामं केली.

केसपेपरवर जखमेची नोंद आहे, ॲडमिशनच्या वेळची, डॉक्टरांनी साइज सकट लिहिलंय. मिरजेच्या डिस्चार्ज कार्डवर पण वजन ५२ आणि पाठ-टाच ठीक असं लिहिलेलं सापडलं, त्या सिस्टरांना दंडवत. पावत्या बघितल्या तर गंमतच आहे, बोर्डवर एक नाव आणि पावतीवर दुसरंच, कुठली तरी सेवाभावी संस्था, ट्रस्टच्या नोंदणी नंबरासकट. १८ हजारातले ८ हजार तर 'देणगी' म्हणून दाखवलेत! देणगी घेतलेली असली तर ग्राहक धरत नाहीत असं कुणी तरी म्हणालं, खरं का? आणि सिस्टर, झोपेच्या गोळीचं विचारलंत, औषधांच्या बिलात एक गोळी आहे जी आमच्या कुठल्याच डॉक्टरांनी लिहून दिलेली नव्हती, मेडिकलवाल्यानं सांगितलं झोपेची म्हणून.

सीसीटीव्ही आहेत तिथं, हॉलमध्ये एक आणि गेटवर एक. ते मिळेल का?

कोर्ट_कट्टा

देणगीचं घाबरू नका. फुकट सेवा दिली तर ग्राहक होत नाही हे खरं, पण तुम्ही दरमहा ठरलेली रक्कम दिली आणि त्याबदल्यात ठरलेली सेवा होती. १८ हजार मागितल्याचा मेसेज असेलच फोनमध्ये, तो जपा. यूपीआयनं दिले असतील तर बँक स्टेटमेंट काढा. उलट हे तुमच्या पथ्यावर पडलंय, ट्रस्ट आहे म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसलाही तक्रार करता येते, त्यांना हिशेब आणि कारभार तपासायचे अधिकार आहेत आणि गैरकारभार केला तर विश्वस्तांना काढताही येतं. संस्थावाल्यांना पोलिसांपेक्षा त्या ऑफिसची भीती जास्त असते, हे माझं निरीक्षण.

सीसीटीव्हीसाठी आजच पत्र द्या, 'अमुक तारखेपासूनचं रेकॉर्डिंग जपून ठेवा, पुसलं तर ते पुरावा नष्ट करणं धरलं जाईल' असं. डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या मशीनमध्ये, जुनं आपोआप पुसलं जातं, त्यामुळं एकेक दिवस महत्त्वाचा. त्याची एक प्रत पोलीस स्टेशनला. ते देणार नाहीत, पण मागितलं होतं आणि दिलं नाही हे आयोगापुढं मांडता येतं. तुमच्या मोबाईलमधले फोटो-व्हिडिओ डिलीट करू नका, फोन बदलू पण नका, कोर्टात ते दाखवताना सोबत नवीन भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

झोपेच्या गोळीचं बिल वेगळ्या पाकिटात ठेवा. चिठ्ठी कुणाची होती ते मेडिकलवाल्याकडून निघतं.

आणि सेंटरचं नाव इथं नाहीतर फेसबुकवर टाकू नका, सातारच्या ताईंनी सांगितलंच आहे.

निवृत्त_सिस्टर_मिरज

गोळीचं ऐकून अंगावर काटा आला. दवाखान्यातल्या डॉक्टरांना आज सांगा, ती अचानक बंद झाली असेल तर आजींना बेचैनी होऊ शकते. हे केसच्या आधी.

कुपवाडचा_फिटर

सांगितलं सिस्टर, त्यांनी केसपेपरवर लिहून घेतलं.

बारा दिवसांनी परत लिहितोय. आई घरी आलीय. बायकोनं बिनपगारी रजा घेतलीय, भाऊ शनिवार-रविवार येतोय, त्यालाही फोटो दाखवल्यावर 'विषय सोड' म्हणायचा बंद झाला. नोटीस गेली, पोच आली, उत्तर नाही. पोलिसांनी तक्रार घेतली, एफआयआर अजून नाही, एसपी ऑफिसला पाठवलीय. माहिती अधिकाराचा अर्ज दिला. विजयनगरला आईच्या नावानं अर्ज केला, अंगठा घ्यायला माणूस घरी पाठवतो म्हणाले, मी म्हणलं अंगठा कशाला, सही करते ती. केली पण, वाकडीतिकडी.

एअर बेड भाड्यानं आणलाय. दर दोन तासाला कूस बदलायला मोबाईलला अलार्म लावलाय, रात्रीचा पण. आईला तो कंपनीचा भोंगा वाटतो. वाजला की म्हणते, "जा बाबा, तुझी ड्युटी लागली."

गुरुवारी मोफत वकील मॅडमना भेटायचंय, फाइल घेऊन. काय होतंय ते टाकतो.